हिचा टर्बो, माझी वॉरंटी

३ फेब्रुवारी

वॉरंटीच्या पुस्तिकेत पान नऊवर छापलं आहे की वाहनमालकाने वाहनासंबंधीच्या सर्व नोंदी स्वतःजवळ ठेवाव्यात. म्हणून ही वही. एरवी रोज उठून लिहावं असं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लोकांच्या चुका काढून पोट भरलं. आता निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एकटी बायको उरली आहे, आणि ती फारशा करत नाही.

गाडी काल आली. लहानशी, राखाडी, पेट्रोलवरची. ही, म्हणजे बायको, डिसेंबरात कारखान्यातून निवृत्त झाली आणि म्हणाली, एकतीस वर्षं बसच्या रांगेत उभी राहिले, आता मला बसायचंय. म्हणून गाडी हिच्या नावावर आणि वॉरंटीची काळजी माझ्या नावावर. तीन वर्षांची आहे. पुस्तिकेची चौसष्ट पानं आज पट्टी लावून वाचली, छपाईच्या दोन चुका सापडल्या, आणि पुस्तिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवली.

९ फेब्रुवारी

आमचं घर टेकडीच्या माथ्यावर. खालच्या मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर नुसता चढ. एकटा असलो तर गाडी मुकाट येते. आज हिची बहीण, तिचा नवरा आणि त्यांच्या दोन जाडजूड बॅगा घेऊन निघालो, तर दुसऱ्या वळणावर गाडीचा जीव मेटाकुटीला आला. "मी उतरून ढकलू का?" असं साडूभाऊंनी विचारलं, तेही गंभीर चेहऱ्यानं. ही मात्र मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होती.

फाटकाशी पोचताक्षणी इंजिन बंद केलं. हा माझा जुना नियम आहे. खोलीबाहेर पडताना दिवा, हात धुतल्याबरोबर नळ, थांबल्याबरोबर इंजिन. थेंबे थेंबे तळे साचे.

२० फेब्रुवारी

आज फिटरभाऊ घरी आले होते. हे हिच्या कारखान्यात फिटर होते, दहा वर्षांपूर्वी बाहेर पडून स्वतःचं गॅरेज काढलं. तिथे ट्रक आणि बसचे टर्बो दुरुस्त करतात. कारखान्यानं जुनं बॅलन्सिंगचं यंत्र भंगारात काढलं, ते यांनी उचललं. म्हणाले, "ताई, यंत्र आहे, पण हात नाही. तुम्ही या."

टर्बो म्हणजे काय ते मला आज कळलं. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. दांडा माझ्या करंगळीहून बारीक. आणि फेरे किती, तर मिनिटाला एक लाखाच्या वर. मी दोनदा विचारून घेतलं, कारण शून्यं कधीकधी जास्त पडतात. पण नाही, एक लाखच. आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात त्याचे तीनेकशे फेरे होऊन जातात. मी बराच वेळ पापण्या लववत बसलो होतो.

एवढ्या वेगात दांड्याची एक बाजू केसभर जड असली, तरी तो थरथरून थोड्याच दिवसांत स्वतःची वाट लावतो. ते केसभर जडपण शोधायचं आणि घासून काढायचं, याचं नाव बॅलन्सिंग. कारखान्यात पंखे आणि ब्लोअर बनत. ही एकतीस वर्षं त्यांचं बॅलन्सिंग करत होती. मला शब्द ठाऊक होता, पण त्यात काय असतं हे कधी विचारलं नव्हतं. कुणी विचारलं की सांगायचो, ही कारखान्यात असते.

२३ फेब्रुवारी

गॅरेजचं सगळं गाडं एका बसमालकावर अडलं आहे. त्याच्या बारा बस घाटातून जातात आणि बाराच्या बारा टर्बोवाल्या. तो माणूस हिला नीट आदरानं म्हणाला, की ताई, पंखे वेगळे आणि टर्बो वेगळा. तुमचा एवढा भरवसा असेल तर आधी स्वतःच्या गाडीत बसवून दाखवा. तीन महिने चालली तर माझं सगळं काम तुमचं. तो नाही म्हणाला तर यंत्र ठेवणं भाऊंना परवडणार नाही.

ही सगळी हकिगत हिनं जेवताना सांगितली आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "आपल्या गाडीला टर्बो लावू या."

मी हात धुतले, पुस्तिका आणली आणि पान सत्तावीस, कलम चार मोठ्यानं वाचून दाखवलं. इंजिनात कोणताही फेरफार केल्यास इंजिनाची वॉरंटी संपुष्टात येईल. हिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, मी अठ्ठावन्न वर्षांची झाले," ही म्हणाली. "माझी वॉरंटी केव्हाच संपली. चालतेय ना अजून?"

यावर पुस्तिकेत उत्तर नाही.

२६ फेब्रुवारी

शोरूमला फोन केला, नाव न सांगता. म्हटलं, समजा, एका माणसाच्या बायकोला गाडीला टर्बो लावायचा आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, काका, इंजिनाची वॉरंटी जाईल, गाडीचा नंबर सांगता का? मी म्हटलं, समजा नंबर नाही, आणि फोन ठेवला.

१ मार्च

आज मी गॅरेजमध्ये गेलो होतो. गेलो होतो हिला नाही म्हणायला. घरी म्हणायची छाती झाली नाही, तिथे चार माणसांत जमेल असं वाटलं.

पत्र्याची शेड, एक खिडकी, खिडकीखाली ते यंत्र. हिरवा रंग उडालेलं, शिलाई मशीनच्या टेबलाएवढं. हिनं मला सहा फुटांवरच्या बाकावर बसवलं आणि बोलू नका म्हणून सांगितलं. डोळ्यांवर चष्मा, केस रुमालात बांधलेले. दोन पंख्यांचा तो दांडा हिनं दोन आधारांवर ठेवला, पट्टा चढवला आणि यंत्र सुरू केलं. आवाज वाढत वाढत गेला आणि पंख्यांची पाती दिसेनाशी झाली. पाती जिथे होती तिथे नुसता उजेड राहिला. काट्याच्या तबकडीवर काटा थरथरत होता. हिनं काटा पाहिला, मग डोळे मिटून घेतले आणि उभी राहिली. यंत्र थांबवलं, दांड्याच्या एका जागी शाईचा ठिपका दिला, आणि तिथून बारीक चाकानं इतकंसं घासलं की खाली पडलं ते मला दिसलंसुद्धा नाही. पुन्हा यंत्र सुरू. पुन्हा डोळे मिटून उभी. असं चौदा वेळा. मी मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटच्या खेपेला आवाज चढला तसा काटा खाली आला आणि तिथेच पडून राहिला.

लग्नात पाहिलेला हिचा चेहरा मला आठवतो. लेक झाली तेव्हाचा आठवतो, सासूबाई गेल्या तेव्हाचा आठवतो. आजचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ही बाई माझ्या घरात राहते, माझे चष्मे शोधून देते आणि सकाळी दहा ते सहा हे असलं काही करत होती. मला उठून उभं राहावंसं वाटलं. मी उभा राहिलोसुद्धा. ही म्हणाली, "काय झालं? पाणी हवंय का?"

नाही म्हणायचं राहून गेलं. "लावा," म्हणालो.

१२ मार्च

बसवला. भाऊ सांगत होते, दाब अगदी हलका ठेवलाय, इंजिनाला झेपेल एवढाच. हिनं घरी आल्यावर एक कागद दिला, हातानं लिहिलेला, निळ्या शाईत. "नीट वाचा हं," म्हणाली. महत्त्वाचे कागद मी इकडेतिकडे पडू देत नाही. लगेच फोल्डरमध्ये, वॉरंटीच्या पुस्तिकेत घालून ठेवला.

संध्याकाळी मी एकटा चढावर गेलो. दुसऱ्या वळणावर, जिथे गाडी धापा टाकायची, तिथे पाय जरा दाबला. आधी बारीक शीळ आली. मग कुणीतरी पाठीवर तळहात ठेवून अलगद पुढे सरकवावं तशी गाडी वर निघाली. रस्ता तोच, झाडं तीच, पण सगळं खाली जात होतं आणि मी वर. मला हसू आवरेना. हिनं घासून टाकलेल्या त्या न दिसणाऱ्या कणांमुळे एक टन लोखंड टेकडी चढत होतं. वर आलो, फाटकाशी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ आत तसाच बसून राहिलो.

१९ मार्च

आता घडी बसली. सकाळी हिला खाली गॅरेजला सोडतो आणि एकटा वर येतो. सात मिनिटांचा चढ आता चारात. फाटकाशी आलो की लगेच बंद. ताकद वाढली म्हणून उधळपट्टी वाढली असं होता कामा नये. संध्याकाळी चालत खाली जातो, तेवढाच व्यायाम, आणि येताना ही चालवते.

एक नोंद. ही वर आल्यावर गाडी उगाच चालू ठेवते आणि स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसून राहते. दिवसभर उभं राहून दमत असणार बिचारी. म्हणून मी पेट्रोलचा विषय काढत नाही, आपला उतरून फाटक उघडायला जातो.

आज विचारत होती, कागद वाचलात ना? वाचला म्हणालो. जन्मभर वाचायचंच काम केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे सुताराला रंधा माहीत आहे का विचारण्यासारखं.

२ एप्रिल

शीळ आता मोठी ऐकू येते. मला तर ती आवडायला लागली आहे. संध्याकाळी येताना हिनं मात्र मान तिरकी केली आणि आवाज बदललाय म्हणाली. मी म्हटलं, अगं, नवा आहे, रुळतोय. घरी आल्यावर पुन्हा गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडून उभी होती.

लेकीचा फोन होता. तिला मी एक लाख फेऱ्यांचं सांगितलं. "बाबा, हे तुम्ही मला तिसऱ्यांदा सांगताय," म्हणाली. सांगणारच.

११ एप्रिल

लिहवत नाही. सकाळी हिला सोडून वर येताना तिसऱ्या वळणावर शिळेची किंकाळी झाली. मग मागे निळा धूर, इतका की वळण दिसेना. ताकद एकदम गेली. भाऊ दोरखंड घेऊन आले आणि गाडी खाली ओढून नेली. ही गॅरेजच्या दारात उभी होती. तिनं मला आधी विचारलं, "तुम्हाला काही झालं नाही ना?"

१२ एप्रिल

टर्बो उघडला. दांडा मधोमध काळानिळा, त्यावर तेलाचा कोळसा चिकटलेला. पंख्याची पाती घासून वाकडी झालेली. चौदा वेळा डोळे मिटून जे केलं होतं ते असं रद्दीच्या कागदावर पडलं होतं. इंजिन वाचलं, असं भाऊ म्हणतात.

ही बराच वेळ दांडा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझाच हात. कुठेतरी राहून गेलं." भाऊ म्हणाले, ताई, तेलाचंही असू शकतं, गाडी वापरताना काही झालं असेल. तेव्हा ही त्यांच्यावर जवळजवळ रागावली.

"वापरताना काही होणार नाही. मी सगळं लिहून दिलं होतं. आणि हे छापलेलं अक्षर न् अक्षर पाळणारे आहेत. यांच्याकडून चूक व्हायची नाही."

मला बरं वाटलं. मी तसा आहेच. बसमालकाचा निरोप दुपारी आला. दोन ओळींचा होता आणि नम्र होता, पण नाहीच होता.

१५ एप्रिल

सकाळी हिला सुचवलं की भाऊंना टर्बो काढायला सांगू, मूळचे भाग परत लावू आणि धूर आला म्हणून गाडी शोरूमला नेऊ. कुणाला कळणार आहे? "नियम वाचणारे तुम्ही, आणि पळवाटही तुम्हीच काढणार?" ही एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

तरी म्हटलं कलम चारची भाषा एकदा तपासावी. फोल्डर काढला, पुस्तिका उघडली, आणि पान सत्तावीसच्या आत निळ्या शाईचा कागद होता. इथे उतरवून ठेवतो.

'चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन मिनिटं नुसतं चालू ठेवावं. टर्बो लाल होईपर्यंत तापलेला असतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं आणि आत राहिलेलं तेल जळून कोळसा होतो. सावकाश दांडा मरतो. फार महत्त्वाचं.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

मग ही वही उघडली. 'फाटकाशी आलो की लगेच बंद.' माझंच अक्षर, चांगलं वळणदार. रोज सकाळी एकदा, महिनाभर. ही संध्याकाळी फाटकात गाडी चालू ठेवून बसायची ती दमून नव्हे. चौसष्ट पानं पट्टी लावून वाचणाऱ्या माणसानं हिच्या सहा ओळी वाचल्या नाहीत. जपून ठेवल्या.

१६ एप्रिल

सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि पेपर आला का असं विचारलं.

१७ एप्रिल

ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डोळे उत्तम आहेत म्हणाले. हिला ते पटलेलं नाही. दुपारी खिडकीत बसून उजवा हात पुढे धरला होता आणि बोटं थरथरतात का ते बघत होती. नंतर डावा. मी दारात होतो. बोटं थरथरत नव्हती.

१८ एप्रिल

हिनं भाऊंना फोन करून सांगितलं, यंत्र विकून टाका, मला आता जमणार नाही. रविवारी एक माणूस यंत्र बघायला येणार आहे. फोन ठेवल्यावर हिनं तो केसांचा रुमाल धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. एकतीस वर्षं हिनं एकही दांडा खराब दिला नाही, हे मला आज भाऊंकडून कळलं. मी भ्याड माणूस आहे. हे लिहिताना एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

सकाळी चहा पिताना कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, मी हा वाचला नव्हता. रोज वर आल्याबरोबर बंद करत होतो.

हिनं कागद पाहिला, जसं काही तो दुसऱ्या कुणी लिहिला होता. "तुम्ही म्हणालात वाचला."

"हो."

"कधी कळलं?"

"मंगळवारी."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. कप बशीत ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "चार दिवस मी माझ्या हातांना विचारत होते की कुठे चुकलात. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

गाडीचं काय, दांड्याचं काय, ते पुन्हा होईल. ते चार दिवस मी कुठून भरून देणार? मी रडलो. साठी उलटलेला माणूस रडताना चांगला दिसत नाही, पण मला आवरलं नाही. ही उठून आत गेली. मग तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. भाऊ, उद्या त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगा. माझ्याशी दिवसभर एक शब्द बोलली नाही.

२१ एप्रिल

बसमालकाच्या आवारात गेलो. एकटाच. जळका दांडा फडक्यात बांधून, ही वही पिशवीत घालून. बस धुणं चाललं होतं, पाचसहा ड्रायव्हर बाकावर बसले होते. बसमालक म्हणाला, काका, माझा निरोप मिळाला नाही का? म्हटलं, मिळाला, पण तुम्हाला चुकीची माहिती मिळाली आहे आणि ती दुरुस्त करणं हा माझा धंदा होता. मग उभ्याउभ्या नोंदी वाचल्या. फेब्रुवारी, मार्च, तारखेसकट. 'लगेच बंद.' 'लगेच बंद.' थेंबे थेंबे तळ्याचीही.

ड्रायव्हरांमध्ये हशा पिकला. एक जण हसून हसून बाकावरून उतरला. "अहो काका, चढ चढून आल्या आल्या? बाईनं सांगितलं नव्हतं?" म्हटलं, लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही. लोक इतके हसले की मलाही थोडं हसू आलं. बसमालक तेवढा हसला नाही. त्यानं दांडा उजेडात धरला आणि कोळशाखालचा धातू नखानं खरवडून पाहिला. कोळसा जिथे नव्हता, तिथे दांडा आरशासारखा होता.

मग त्यानं ड्रायव्हरांकडे वळून विचारलं, गेल्या वर्षी आपले तीन टर्बो गेले, तेव्हा वरच्या थांब्यावर चहासाठी उतरताना तुमच्यापैकी कोण कोण दोन मिनिटं थांबत होतं? हसू एकदम थांबलं.

मला तो म्हणाला, "ताईंना सांगा, एक गाडी पाठवतो. आधी एकच." फाटकापर्यंत सोडायला आला.

२४ एप्रिल

भाऊंनी टर्बो काढून मूळचे भाग लावले, मग शोरूमला गाडी नेली, टर्बोचं सगळं खरं सांगून. हिचाच आग्रह. त्यांनी इंजिन तपासलं आणि ते खरंच सलामत निघालं. पण वॉरंटीच्या पुस्तिकेवर, पान सत्तावीसच्या समोर, लाल शिक्का मारला. काउंटरवरच्या मुलीनं माझा आवाज ऐकून मान वर केली. "काका, 'समजा'वाले तुम्हीच का?" ही इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या हसण्यापुढे मला शिक्क्याचं दुःख करायला जमलं नाही. परत येताना हिनं एकच विचारलं, बसमालकाकडे तुम्ही वही वाचलीत, असं भाऊ म्हणत होते, खरं का? हो म्हणालो. "सगळी?" नोंदी तेवढ्या, म्हणालो. बाकीच्या ओळी मी वगळल्या होत्या.

२९ एप्रिल

बसचा टर्बो काल गॅरेजमध्ये आला. आज हिनं तो हाती घेतला. आमच्या गाडीच्या दांड्याच्या दुप्पट जाड, पाती माझ्या तळव्याएवढी. मी आपला ठरलेल्या बाकावर जाऊन बसलो, सहा फुटांवर, न बोलता.

पहिल्या खेपेला हिचा हात स्विचवर गेला आणि थांबला. मी ते पाहिलं. चार दिवस ती ज्या हातांना विचारत होती, ते हात होते. मग तिनं यंत्र सुरू केलं. काटा थरथरला. ठिपका दिला, घासलं, पुन्हा फिरवलं. मी आज मोजलं नाही. खिडकीतलं ऊन यंत्रावरून जमिनीवर उतरलं आणि भिंतीला लागलं, तरी ती करतच होती. भाऊ दोनदा येऊन परत गेले. शेवटी तो मोठा आवाज चढत चढत एका जागी स्थिर झाला, पाती नाहीशी झाली, आणि काटा खाली येऊन पडला.

यंत्र तसंच चालू ठेवून हिनं माझ्याकडे पाहिलं. "इकडे या."

मी गेलो. एवढ्या जवळ मी कधी आलो नव्हतो. हिनं माझं मनगट धरलं आणि माझं बोट यंत्राच्या आधारावर टेकवलं, फिरत्या दांड्यापासून चार बोटांवर. समोर इतका वेग होता की डोळ्यांना दिसत नव्हता. एवढं लोखंड इतक्या जोरात फिरतंय म्हणजे हाताला मुंग्या येतील, झटका बसेल, काहीतरी होईल, अशी मी वाट बघत होतो.

"काही लागतंय?" हिनं विचारलं.

मी नीट लक्ष दिलं. थंड लोखंड होतं. भिंतीला बोट लावल्यासारखं.

"काहीच नाही," म्हणालो.

"तेच," ही म्हणाली. "एकतीस वर्षं मी तेच करत होते."

हिनं माझं मनगट सोडलं आणि कागदावर आकडे लिहायला वळली. मी बोट तिथेच ठेवून उभा राहिलो. यंत्र पूर्ण थांबेपर्यंत मला ते काढवलं नाही.